पाडव्याला भिंती बदलायच्या? यंदाच्या ट्रेंडी रंगांची परख

रंगांना प्रमाणित क्रमांक देणाऱ्या पँटोन या कंपनीने २०२६ चा ‘वर्षाचा रंग’ म्हणून चक्क पांढरा जाहीर केला. नाव क्लाउड डान्सर, क्रमांक ११-४२०१. २००० सालच्या सेरुलियनपासून ही निवड सुरू आहे आणि त्यात पांढऱ्याचा नंबर पहिल्यांदाच लागला. चुन्याच्या भिंती बघत मोठ्या झालेल्या पिढीला हसू आलं तर नवल नाही. २०२५ ला मोका मूस होता, १७-१२३०; त्याच्या आदल्या वर्षी पीच फझ, १३-१०२३. एशियन पेंट्सने २०२५ साठी कार्डिनल नावाचा गडद वांगी-आमसुली निवडला, ड्युलक्सने ट्रू जॉय नावाचा पिवळा, आणि यंदा ड्युलक्सने एका रंगाऐवजी तीन निळे दिले. सेज ग्रीन तर गेली काही वर्षं मुक्कामालाच आहे.

२०२६ चा पाडवा १९ मार्चला. त्याआधी निदान हॉलची एक भिंत तरी बदलावी, असं बऱ्याच घरांत ठरतं आणि मग फोनवरचे फोटो दाखवून दुकानात ‘हाच द्या’ म्हटलं जातं. ते फोटो मोठ्या खिडक्यांच्या, उंच छताच्या घरांतले असतात. आपल्याकडे साडेनऊ फूट उंची, आयव्हरी व्हिट्रिफाइड फरशी, वॉलनट सनमायकाचं टीव्ही युनिट आणि छताला एक २० वॉटची एलईडी पट्टी. त्या खोलीत हे रंग कसे वागतात ते इथे पाहू. रंग चांगला की वाईट हे त्यानंतरचं.

पँटोनचा क्रमांक वाचता आला तर अर्धं काम होतं. पहिले दोन आकडे उजेडाचे: ११ म्हणजे सगळ्यात फिकट टोक, १९ म्हणजे सगळ्यात गडद. मधले दोन रंगचक्रावरची जागा सांगतात आणि शेवटचे दोन रंगाचा जोर. क्लाउड डान्सरचा ‘४२’ निळ्याच्या बाजूचा आहे, पण जोर ‘०१’, म्हणजे नावापुरता. मोका मूसचा ‘१२’ नारिंगीच्या घरातला, ‘३०’ म्हणजे बऱ्यापैकी जोर, आणि १७ म्हणजे तो फोटोत दिसतो त्यापेक्षा बराच गडद आहे. हे क्रमांक मुख्यतः कापड आणि फॅशनसाठी बनलेत. रंगाच्या दुकानात पँटोनचा नंबर सांगितलात तर मशीन त्याला जवळचा जुळता फॉर्म्युला काढून देईल. तो जवळचा असतो, तोच नसतो.

क्लाउड डान्सर: फरशी बघून ठरवा

स्क्रीनसाठी दिलेल्या रंगाच्या आकड्यांवरून हिशोब केला तर हा पांढरा पडलेल्या उजेडाचा सुमारे ८५ टक्के भाग परत फेकतो. चाळीतल्या किंवा तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीला एवढ्यानेही बराच फरक पडतो. आणि टिंट, म्हणजे डब्यात मिसळायचा रंग, नगण्य असल्यामुळे गडद शेडसारखा जादा भुर्दंडही पडत नाही.

अडचण फरशीची आहे. बिल्डरने घातलेली दोन बाय दोनची आयव्हरी फरशी आतून पिवळट किंवा गुलाबीसर असते. जुन्या क्रीम भिंतीशेजारी ते कळत नाही. थंड पांढरा लावला की दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी मळकी वाटायला लागते, आणि दोष पुसणाऱ्या बाईंवर जातो. अशा घरात क्लाउड डान्सरच्या मागे न लागता मोतिया घ्यावा, म्हणजे ज्या पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब आहे तो. करड्या किंवा पांढऱ्या फरशीवर मात्र क्लाउड डान्सर खरोखर छान बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवे. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनच्या ‘कूल डे लाइट’ पट्टीखाली कोणताही थंड पांढरा दवाखान्यासारखा दिसतो. रंगावर पाच आकडी खर्च करायचा आणि दिवा जुनाच ठेवायचा, हे करू नका. ४००० केल्विनची पट्टी लावा. शक्य असेल तर सोफ्याच्या बाजूला ३००० चा एक वेगळा दिवा.

आणि पांढरा लांबीचं (पुट्टीचं) काम लपवत नाही. खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर उजेड आडवा घसरत येतो, तेव्हा पत्र्याने ओढलेल्या लांबीचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. लांबी वाळल्यावर हातात बॅटरी घेऊन भिंतीला समांतर प्रकाश मारा, पेन्सिलने खुणा करा आणि रंगाऱ्याला तेवढी जागा १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला सांगा. प्रायमर झाल्यावर हेच पुन्हा, पण ३२० ने. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि सहसा कुणी आपणहून करत नाही.

मोका मूस: रात्री आठनंतरची गोष्ट

दूध जास्त घातलेल्या कॉफीचा हा रंग दिवसा दक्षिणेच्या उजेडात सुंदर दिसतो, यात वाद नाही. रात्री ट्यूबखाली तोच राखेसारखा होतो. कारण सरळ आहे. तपकिरी म्हणजे मुळात गडद नारिंगी. तो दिसायला दिव्यात तांबडा भाग असावा लागतो, आणि स्वस्त एलईडीत नेमका तोच कमी असतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा. ८० च्या दिव्याखाली मोका मरतो, ९० च्या पुढच्या वॉर्म दिव्याखाली उठतो. मोका लावायचा असेल तर आधी ९० सीआरआयचा एक बल्ब आणा, मग रंगाचा डबा.

उजेडाचा हिशोबही पाहा. मोका मूस जेमतेम २२ टक्के उजेड परत देतो, क्लाउड डान्सरच्या साधारण पाव पट. चारही भिंती मोका केल्या तर एका पट्टीत पेपर वाचता येणार नाही. म्हणून एकच भिंत. तीही खिडकीची नको. खिडकीच्या भिंतीवर आतून उजेड पडतच नाही, त्यामुळे ती आधीच अंधारी दिसते. त्यात गडद रंग म्हणजे भोवती काळी चौकट आणि मधे डोळ्यांत जाणारा उजेड. जी भिंत खिडकीसमोर आहे, जिच्यावर उजेड थेट येतो, ती रंगवा.

सनमायकाशी मात्र त्याचं जमत नाही. टीव्ही युनिट वॉलनट, दरवाजे सागवानी पॉलिशचे आणि मागे मोका, म्हणजे तीन तपकिरी आणि तिघांचा सूर वेगळा. वॉलनटमध्ये जांभळट छटा असते, सागात पिवळी. सनमायकाचा तुकडा कपाटाच्या माथ्यावर किंवा सुताराकडे उरलेला असतो, तो दुकानात घेऊन जा आणि शेड कार्डाला लावून दुकानाबाहेर रस्त्यावरच्या उजेडात बघा. काउंटरवरच्या दिव्याखाली नको. वॉलनट असेल तर मोका सोडून द्या. साग असेल तर चालतो, मधे मोतियाची जागा सोडून.

फरशी, दिवे, फर्निचर, तिन्ही जमून आलं तर घ्या. बहुतेक घरांत तिन्ही जमत नाही, म्हणून आमच्या लेखी हा यादीतला सगळ्यात फसवा रंग.

सेज ग्रीन

वाळलेल्या तुळशीच्या पानाचा रंग. कोटा फरशी असलेल्या जुन्या घरांसाठी यासारखा रंग नाही, कारण कोट्याचा हिरवट करडा भिंतीत पुढे चालू राहतो. थंड ट्यूबखाली बिघडत नाही, सागाच्या दाराशी भांडत नाही, पितळेची समई त्याच्यापुढे उठून दिसते. खिडकीबाहेर झाड असेल तर मात्र दोन शेड उजळ घ्या. पानांतून गाळून आलेला उजेड आधीच हिरवा असतो आणि सेज त्यात चिखलासारखा होतो. बाथरूमच्या वरच्या भागात लावायचा असेल तर बुरशीरोधक इमल्शनच मागा. बुरशीचे ठिपके या रंगावर महिनाभर दिसत नाहीत आणि दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

पीच, टेराकोटा आणि गेरू

पीच फझ म्हणजे आपला अबोली, थोडा दुधाळ. टेराकोटा म्हणजे गेरू. गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या रांगोळीचं चैत्रांगण ज्यांनी पाहिलंय त्यांना ही जोडी कुणी शिकवायला नको, त्यामुळे चैत्रात घर ताजं करायला हा पर्याय पहिला सुचावा.

दोन्ही रंगांची खोड एकच. छोट्या खोलीत भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, आणि प्रत्येक फेऱ्यात रंगाचा जोर वाढतो. बोटाएवढ्या चिठ्ठीवर नाजूक वाटलेला अबोली दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये चारही भिंतींवर गेला की गुलाबी आइस्क्रीम होतो, छतही गुलाबी दिसायला लागतं. शेड कार्डाच्या पट्टीवर आवडलेल्या रंगाच्या वरचा, म्हणजे एक-दोन पायऱ्या फिकट रंग घ्या, आणि छत क्रीम न करता पांढरं ठेवा. पश्चिमेचं ऊन येणाऱ्या खोलीत संध्याकाळी पाच ते साडेसहा हा रंग पेट घेतो. ते आवडत असेल तर उत्तम, नाही तर पूर्वेची खोली निवडा.

हळदी पिवळा आणि कार्डिनल: तिसऱ्या हाताचा खर्च धरा

हे दोन रंग दिसायला एकमेकांपासून लांब, पण डब्यात सारखेच वागतात. दोन हातांत (कोटांत) खालची भिंत झाकत नाहीत.

पूर्वीचा पिवळा दोन हातांत झाकायचा, कारण त्यात शिशाचं क्रोमेट असायचं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर चालणार नाही असा नियम २०१६ साली आला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. चांगलंच झालं. पण त्याच्या जागी आलेली सेंद्रिय रंगद्रव्यं पारदर्शक असतात. शिवाय गडद आणि झगझगीत शेड ज्या ‘डीप’ किंवा ‘अ‍ॅक्सेंट’ बेसमध्ये (टिंट मिसळण्याआधीच्या मूळ मालात) बनतात त्यात टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसतो. डबा उघडलात तर आत पांढऱ्या रंगाऐवजी पातळ साईसारखं काहीतरी दिसतं. झाकण्याची ताकद असते टायटॅनियममध्ये. तोच नाही, तर खालचं दिसणारच.

त्यावर उपाय खालच्या हातात आहे. पिवळ्याखाली भिंत पूर्ण पांढरी हवी, लांबीचे ठिगळ दिसत असतील तर प्रायमरचा दुसरा हात. तांबड्या-जांभळ्याखाली उलट: प्रायमरला थोडा राखाडी टिंट मारून घ्या. पांढऱ्या प्रायमरवर कार्डिनलसारखा गडद रंग चार हात खातो, राखाडीवर बहुधा तीन. दुकानदार प्रायमर टिंट करायला कुरकुर करेल. ऐकू नका.

कार्डिनल रंग म्हणून राजेशाही आहे, वांगी आणि आमसुली यांच्या मधला. पण तो प्रत्येक धक्का लक्षात ठेवतो. खुर्चीची पाठ लागली की आतली पांढरी लांबी टिकलीसारखी दिसते. मॅट फिनिशमध्ये डाग ओल्या फडक्याने घासला तर डाग जातो आणि त्याच्या जागी चकाकणारा चट्टा राहतो, तो पुन्हा मॅट होत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलामागे, स्विचबोर्डाभोवती, मुलांच्या खोलीत कार्डिनल नको. बेडच्या डोक्याकडची भिंत ठीक, हेडबोर्ड तीन-चार इंच पुढे ठेवून. भाड्याच्या घरात अजिबात नको. सोडताना परत फिका करायला प्रायमर आणि वर दोन-तीन हात, आणि तो खर्च डिपॉझिटमधून जातो.

ड्युलक्सच्या तीन निळ्यांबद्दल इतकंच, की निळा थंड ट्यूबखाली सगळ्यांत कमी बिघडतो आणि उत्तरेच्या खोलीत सगळ्यांत जास्त उदास होतो. दक्षिणेची बेडरूम असेल तर विचार करा.

काउंटरवर काय घडतं

टिंटिंग मशीनची सेवा आता गावोगाव आहे आणि एकंदरीत चांगली आहे. कोड टाकला की मशीन बेसच्या डब्यात थेंब मोजून टिंट सोडतं, मग डबा शेकरमध्ये फिरतो. शेकर चार मिनिटं चालू द्या. रांग लागली की दीड मिनिटात डबा बाहेर येतो आणि तळाशी टिंट तसाच राहतो. मग पहिल्या अर्ध्या भिंतीवर एक रंग, उरलेल्या अर्ध्यावर दुसरा.

झाकणावर चिकटवलेल्या स्टिकरवर शेडचा कोड, बेस आणि रंगाचं उत्पादन छापलेलं असतं. तिन्ही तपासा. तोच कोड साध्या इमल्शनमध्ये आणि महागड्या सिल्क इमल्शनमध्ये सारखा दिसत नाही, कारण चमक वेगळी आणि बेसचा पांढरा वेगळा. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या डब्यात ‘मॅच करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानात स्कॅनर चांगला असला, तरी त्या दिव्याखाली जुळलेला रंग घरच्या दिव्याखाली वेगळा पडू शकतो. दोन कंपन्यांची रंगद्रव्यं वेगळी असतात, म्हणून असं होतं.

आता माप. १४ बाय १० चा हॉल, साडेनऊ फूट उंची: भिंतींची बेरीज ४८ फूट, गुणिले साडेनऊ, ४५६ चौरस फूट. मुख्य दार २१, बाल्कनीचं दार ४२, पॅसेजची मोकळी जागा २५ वजा केली की ३७० च्या आसपास. डब्यावर छापलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. आपल्या भिंतीला दोन हातांसाठी लिटरला १२० चौरस फूट धरा. म्हणजे तीन लिटरपेक्षा थोडं जास्त, चार लिटरचा डबा पुरतो आणि टचअपला उरतो.

फसगत होते ती एका गडद भिंतीत. दहा फुटांची भिंत ९५ चौरस फूट. एक लिटर दोन हातांना सहज पुरतो, म्हणून एकच आणला जातो. तिसरा हात लागतो, तीन हात मिळून २८५ चौरस फुटांचं काम होतं आणि एका लिटरची मजल २४० पर्यंत. तिसऱ्या हाताला भिंतीच्या मधोमध रंग संपतो. दुसरा डबा नवीन टिंट होऊन येतो, किंचित वेगळा, आणि जोड कायमचा दिसतो. सुरुवातीलाच दोन लिटर घ्या आणि दोन्ही डबे एका बादलीत ओतून ढवळून मगच रोलर बुडवा. आणि हो, गडद बेसच्या डब्यात माल लिटरपेक्षा थोडा कमी भरलेला असतो, टिंटला जागा राहावी म्हणून. त्यात फसवणूक नाही.

सॅम्पलरची परीक्षा

लहान सॅम्पलर डबा मिळत असेल तर त्याचे पैसे वाचवू नका. पण तो भिंतीवर फासू नका. जुना रंग भोवती असला की डोळा फसतो, आणि त्या ठिगळाच्या कडा नंतर दोन हातांखालूनही उठून दिसतात. दोन बाय दोन फुटांचा पांढरा कार्डशीट घ्या, कडेला इंचभर पांढरी जागा सोडून दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. मग तो खोलीभर फिरवा: खिडकीसमोर, कोपऱ्यात, सोफ्यामागे, फरशीला टेकवून. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री नऊला दिवा लावून बघा. चारपैकी दोन वेळा आवडला नाही तर सोडून द्या, आणि त्यातली एक वेळ रात्रीची असेल तर लगेच सोडा, कारण नोकरदार माणूस घर बघतो ते रात्रीच.

फोनमधली ‘तुमच्या भिंतीवर रंग बघा’ ॲप एवढ्यापुरतीच: कोणती भिंत रंगवायची हे ठरायला. रंग ठरवायला बिनकामाची. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा मेळ स्वतःच बदलतो.

भिंत आधी तपासा

मार्चमध्ये सगळ्या भिंती निरोगी दिसतात. मागच्या पावसाळ्यात ओल आलेली भिंत आता वाळलेली असते, पण क्षार आतच असतो. नखाने खरवडून पाहा; पांढरी भुकटी आली तर त्या भिंतीवर गडद रंग म्हणजे जुलैत पांढरे नकाशे. दीड फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. आतून दव धरलं तर रंगकाम पुढे ढकला आणि आधी बाहेरची भेग, पाइपचा जोड किंवा वरच्या मजल्याचं बाथरूम बघा. मुंबई-कोकणात पश्चिमेची भिंत ही तपासणी चुकवून रंगवूच नये. नवीन प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस थांबा.

जुन्या भिंतीवर डिस्टेंपर असेल तर त्यावर थेट इमल्शन चढवू नका. ओला हात फिरवा. हाताला पांढरं लागलं तर ते सगळं खरवडून काढल्याशिवाय गत्यंतर नाही. नाही तर वर्षभरात पापुद्रे सुटतात, आणि नवा रंग जुन्यालाही ओढून आणतो.

पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच. ‘पातळ केला की छान पसरतो’ हे वाक्य ऐकलं की समजा, तुमचा चार लिटर सहा लिटर होणार आहे. दोन हातांमध्ये चार ते सहा तास. रंग वाळला म्हणजे मुरला नाही. पुसायला दोन-तीन आठवडे थांबा. त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दिवशी रंगवलेल्या भिंतीला पाहुण्यांच्या मुलांचे हात लागणार असतील, तर निदान आठवडाभर आधी काम उरका. एका भिंतीला लांबीसकट दोन-अडीच दिवस, पूर्ण हॉलला चार-पाच.

दोन रंगांची सरळ रेघ हवी असेल तर मास्किंग टेप लावा, त्याच्या कडेवर आधी जुन्या, म्हणजे टेपखालच्या रंगाचा पातळ हात मारा. तो फटीत शिरून कड बंद करतो. वाळला की नवा रंग. शेवटचा हात अजून थोडा चिकट असतानाच टेप स्वतःकडे तिरपी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची साल निघते.

पॅकेजवाल्या रंगसेवांमध्ये वेळ पाळली जाते, फर्निचर झाकलं जातं, धूळ कमी होते. यासाठी जादा पैसे देणं पटतं. कोटेशनमध्ये तीन ओळी शोधा. लांबी किती हात आणि पूर्ण भिंतीला की फक्त खड्ड्यांना. दार-खिडक्या वजा केल्यात का. आणि वॉरंटीतून ओल वगळली आहे का. तिसरीचं उत्तर बहुतेक ‘हो’ असतं. काही जण भिंती मोजत नाहीत, कार्पेट एरियाच्या साडेतीनपट धरतात. हा आकडा तुमच्या विरोधात जाऊ शकतो, म्हणून टेप घेऊन स्वतः मोजा.

रंग न लावता

घर भाड्याचं असेल किंवा भिंत ओली निघाली, तर पडदे, अभ्रे आणि एक चादर एवढ्यावर खोली बदलते. पडद्याचं कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या, कमी घेतलं तर चुण्या पडत नाहीत आणि पडदा टांगलेल्या टॉवेलसारखा दिसतो. मोका, गेरू, आमसुली हे भिंतीवर धोक्याचे रंग कापडात बिनधास्त वापरा. खणाच्या कापडाचे उशीचे अभ्रे यासाठी फार चांगले. पन्हा अरुंद असतो, म्हणून १६ इंचाच्या अभ्र्याची पुढची बाजू खणाची आणि मागची साध्या सुती कापडाची शिवून घ्या. पहिल्या दोन धुण्यांना वेगळं आणि थंड पाण्यात भिजवा, गडद खण रंग सोडतो. दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीवर गडद रंगाचा पडदा असेल तर मागून अस्तर लावा, नाही तर पुढच्या पाडव्यापर्यंत चुणीच्या कडा फिक्या आणि आतला भाग गडद अशा उभ्या पट्ट्या उमटतात.

रंगकाम केलंच असेल तर उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, आतल्या हवेने वर साय धरते. गाळून काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावा आणि बाहेर कोड, बेस, तारीख लिहून ठेवा. वर्षाने उघडल्यावर आंबूस वास आला तर टाकून द्या. नाही आला तर स्विचबोर्डाच्या कडेचे काळे डाग झाकायला तेवढा पुरतो.